ग्रंथसूचींतील विषय-मथळे व इतिहासाचा शोध

इतिहासविषयक टिपणांत एक वाक्य वारंवार आढळतें. 'प्रस्तुत विषयावर आजवर कोणीं कांहीं लिहिल्याचें दिसत नाहीं,' असें तें वाक्य होय. तें लिहावयास एक ओळ पुरते. पण तें खरें ठरण्यास जो शोध करावा लागतो, तो लिहिणारानें केलेला असतोच असें नाहीं. ही शंका आम्ही केवळ इतरांविषयीं घेत आहों असें मात्र कोणीं समजूं नये. कान्होजी आंग्रे ह्यांच्या आरमारासंबंधींच्या एका टिपणांत, समकालीन इंग्रजी ग्रंथांस उद्देशून, आम्हींच हें वाक्य लिहिलें होतें. आंग्रे हें नांव आपण आज रोमन लिपींत ज्या रीतीनें लिहितों त्या रीतीनें लिहून एका मोठ्या ग्रंथालयाची सूची आम्हीं चाळली, चारदोन अर्वाचीन पुस्तकें हातीं लागलीं, आणि शोध संपला असें मानलें. टिपण छापून झाल्यावर एका स्नेह्यानें सहज विचारलें, 'क्लेमेंट डाउनिंगचें पुस्तक आपण पाहिलें नाहीं काय?'

डाउनिंगचें पुस्तक १७३७ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालें. कान्होजींचा अंत १७२९ त झाला; म्हणजे त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनीं. आंग्र्यांचा उदय, त्यांचें बळ व त्यांच्या फौजा ह्यांची हकीकत सांगतों, असें पुस्तकाचें लांबलचक नांवच सांगतें. सर विल्यम फॉस्टर ह्यांनीं संपादून १९२४ सालीं तें पुन्हां छापविलें आहे. तें दुर्मिळ नव्हतें, आणि ज्या ग्रंथालयाची सूची आम्हीं चाळली होती तेथेंच तें होतें. परंतु त्या नांवांत 'आंग्रे' नाहीं, 'अँग्रिया' आहे. आणि त्या अँग्रियास ग्रंथकारानें 'चांचा' म्हटलें आहे. आम्ही पुस्तकांच्या नांवांत आपला शब्द शोधीत बसलों होतों. हें पुस्तक कशाविषयीं आहे, हा प्रश्न सूचीस विचारलाच नव्हता. तो कसा विचारावा, हें सांगणें हा ह्या लेखाचा हेतु आहे.

ग्रंथास नांव ग्रंथकार ठेवितो, आणि तें ठेवितांना त्यास कोणाचेंच बंधन नसतें. ग्रँट डफनें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हां 'मराठा' हा शब्द रोमन लिपींत मध्यें 'एच्' घालून व 'टी' दोनदां लिहून छापला. रानडे ह्यांनीं १९०० सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिला, त्यांत तोच शब्द आजच्या रीतीनें आहे. यदुनाथ सरकारांच्या १९१९ सालच्या ग्रंथाच्या नांवांत शिवाजी आहे, परंतु मराठा हा शब्दच नाहीं. सरदेसायांची 'मराठी रियासत' ह्या तिघांहून वेगळी. नांवांतील शब्द धरून जो शोधील त्यास ह्या चारांपैकीं एखादाच ग्रंथ सांपडावयाचा. विषय-मथळा ह्याच्या उलट आहे. तो ग्रंथकार देत नाहीं, सूची करणारा देतो. आणि तोही मनास येईल तो शब्द देत नाहीं, अगोदर ठरलेल्या यादींतून घेतो. एका गोष्टीस अनेक नांवें असलीं तरी यादींत त्यांतील एकच नांव मथळा म्हणून मान्य असतें, बाकीच्यांपुढें 'अमुक मथळा पाहा' अशी सूचना असते. अर्थात् योग्य मथळा एकदां हातीं आला म्हणजे ग्रंथाची भाषा कोणती, शब्दाची वळणें कोणतीं, ग्रंथकार मित्र कीं शत्रु, हे भेद गळून पडतात.

ही पद्धति फार जुनी नव्हे. अमेरिकेंतील चार्ल्स अमी कटर ह्या ग्रंथपालानें १८७६ सालीं कोशाच्या धर्तीवर सूची कशी करावी ह्याचे नियम छापले. ग्रंथकार, नांव किंवा विषय ह्यांपैकीं एक जरी ठाऊक असलें तरी वाचकास ग्रंथ सांपडला पाहिजे, आणि एखाद्या विषयावर ग्रंथालयांत काय काय आहे हें एके ठिकाणीं दिसलें पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. पुढें वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसनें आपलीं छापील सूचिपत्रें १९०१ पासून इतर ग्रंथालयांस विकण्यास आरंभ केला, आणि १९०९ पासून आपल्या मथळ्यांची यादीही प्रसिद्ध करूं लागली. आयतें पत्र मिळूं लागल्यावर दुसऱ्यांनीं आपले मथळे कां बनवावेत? ह्यामुळें ती एका ग्रंथालयाची भाषा जगांतील असंख्य ग्रंथालयांची भाषा झाली. १९६२ सालीं त्याच संस्थेची कचेरी दिल्लीस निघाली आणि मराठी पुस्तकेंही मोठ्या संख्येनें अमेरिकेंतील विद्यापीठांत जाऊं लागलीं. तेथें त्यांवर हेच मथळे चढले. म्हणून मराठी इतिहासाच्या अभ्यासकास, त्यानें पुण्याबाहेर पाऊल न टाकलें तरी, ही परकी भाषा थोडी शिकणें भाग आहे. मथळ्यांची यादी आज संगणकावर कोणासही विनामूल्य पाहतां येते. मथळे मूळ इंग्रजी आहेत. येथें आम्ही सोयीसाठीं कोठें त्यांचा अर्थ व कोठें उच्चार देत आहों.

आतां मथळा ओळखावा कसा? आमचें स्पष्ट मत असें कीं, तो ओळखण्याच्या भरीस पडूंच नये. मराठ्यांसाठीं मान्य मथळा 'मराठा' ह्या एकवचनी शब्दापुढें कंसांत 'भारतीय लोक' अशा अर्थाचे शब्द जोडून केला आहे, हें कोणाच्या तर्कास सुचणार? मोंगल बादशाहीच्या मथळ्यांत 'ग' साठीं 'जीएच्' नसून नुसता 'जी' आहे, हें तरी कोणीं ताडावें? आपणांस त्या विषयावरील जें एक चांगलें पुस्तक निश्चित ठाऊक असेल त्याची नोंद सूचींत प्रथम काढावी. त्या नोंदीच्या तळाशीं दोन, तीन, कधीं पांच मथळे दिलेले असतात. ते टिपून घ्यावे, आणि मग एकेक मथळा उघडून त्याखालीं आणखी कोणते ग्रंथ आहेत तें पाहावें. त्या ग्रंथांच्या तळाशीं नवे मथळे दिसतात, तेही टिपावे. जुन्या सूचीच्या खणांत हें काम दिवसभराचें होतें. संगणकाच्या सूचींत मथळ्यावर बोट ठेवितांच पुढची यादी उघडते, म्हणून तें घटकाभराचें झालें आहे. तरीही संगणकापुढें बसणारा वाचक बहुधा मोकळ्या चौकटींत मनांतले शब्दच लिहीत राहतो, आणि तळाशीं दिलेल्या मथळ्यांकडे पाहत नाहीं, हा आमचा नित्याचा अनुभव आहे.

आंग्र्यांच्या शोधांत आम्हीं दुसऱ्या वेळीं हाच मार्ग धरला. मनोहर माळगांवकर ह्यांचें कान्होजींवरील १९५९ सालचें इंग्रजी पुस्तक व सुरेंद्रनाथ सेन ह्यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील १९२८ सालचा ग्रंथ, हीं दोन ठाऊक होतीं. सेनांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकांत मराठ्यांच्या समुद्रावरील हालचालींचा उल्लेख आहे, पण आंग्र्यांचें नांव नाहीं; नांवावरून शोधणारास तो कधींच दिसला नसता. तेथून निघून मथळ्यांच्या वाटेनें जातां जातां ध्यानांत आलें कीं, आपला विषय एका मथळ्याखालीं नाहींच. कान्होजींच्या नांवाचा एक मथळा, मराठ्यांचा दुसरा, भारताच्या आरमारी इतिहासाचा तिसरा, ईस्ट इंडिया कंपनीचा चौथा, आणि ज्याकडे जावयास मन घेत नाहीं तो पांचवा, 'पायरेट्स', म्हणजे समुद्रावरील चांचे. इंग्रजांच्या कागदांत आंग्रे चांचे आहेत, म्हणून इंग्रजांनीं लिहिलेल्या ग्रंथांचा एक मोठा वर्ग ह्या शेवटच्या मथळ्याकडे गेला आहे. जॉन बिडल्फ ह्यांचें मलबारच्या चांच्यांवरील १९०७ सालचें पुस्तक त्यांतलेंच. स्वाभिमान बाजूस ठेवून तो खण उघडल्यावांचून आंग्र्यांचा शोध पुरा होत नाहीं. शत्रूनें आपणांस काय नांव ठेविलें होतें हें जाणणें, हा इतिहासाच्या साधनांपर्यंत पोंचण्याचा एक रस्ताच आहे. किल्ल्यांचेंही तसेंच. १७५६ सालीं वॉटसन व क्लाइव्ह ह्यांनीं तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. पण त्यांच्या लेखीं तो 'घेरिया' होता. विजयदुर्ग हा शब्द धरून जुने इंग्रजी ग्रंथ शोधणारास रिकाम्या हातीं परतावें लागतें.

मथळा किती रुंद घ्यावा, ह्याविषयीं नवशिक्यांची एक ठराविक चूक होते. सातारा जिल्ह्याविषयीं पाहिजे असतां ते 'महाराष्ट्र' उघडतात, कां तर सातारा महाराष्ट्रांत आहे. कटरनें हा प्रश्न पहिल्यापासूनच निकालांत काढला आहे. त्याचा नियम असा कीं, मांजरावरील पुस्तक 'मांजर' ह्या मथळ्याखालीं घालावें. प्राणिशास्त्र किंवा पाळीव जनावरें ह्यांखालीं नव्हे. म्हणून ग्रंथाचा विषय जेवढा, तेवढाच मथळा. साताऱ्यावरचें पुस्तक साताऱ्याखालीं, आणि सर्व प्रांताचा विचार करणारें तेवढें महाराष्ट्राखालीं. शोध नेहमीं अगदीं नेमक्या शब्दापासून सुरू करून, तेथें कांहीं न मिळाल्यास पायरीपायरीनें वर चढावें. यादींत प्रत्येक मथळ्याखालीं त्याहून व्यापक, त्याहून संकुचित व शेजारचे असे मथळे दाखविलेले असतात. त्या पायऱ्या म्हणजे तेच.

वर चढणें आवश्यक होतें ह्याचें दुसरेंही कारण आहे. सूची करणारा सर्व पुस्तक वाचीत नाहीं, आणि त्यांतील प्रत्येक गोष्टीस मथळाही देत नाहीं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा स्थूल नियम असा कीं, ग्रंथाचा निदान पांचवा हिस्सा ज्या विषयानें व्यापिला असेल त्यासच मथळा द्यावा. दहा प्रकरणांच्या ग्रंथांत एक उत्कृष्ट प्रकरण कुलाब्याच्या आरमारावर असलें तरी सूचींत त्याचा मागमूस लागणार नाहीं. तें मोठ्या मथळ्याखालचा ग्रंथ उघडून त्याच्या अनुक्रमणिकेंतच शोधावें लागतें. नियतकालिकांतील लेखांची तर गोष्टच नको. ग्रंथालयाच्या सूचींत नियतकालिकाची नोंद असते, त्यांतील लेखांची सहसा नसते. सूचींत विषय न दिसणें आणि विषयावर लेखन नसणें, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मथळ्यापुढें आडव्या रेघा देऊन जे शब्द जोडतात त्यांकडे इतिहासाच्या अभ्यासकानें विशेष लक्ष द्यावें. प्रथम स्थळ किंवा विषय, मग 'इतिहास', मग काळ, आणि शेवटीं ग्रंथाचें स्वरूप, असा सामान्यतः क्रम असतो. ह्या शेवटच्या शब्दांत आमच्या दृष्टीनें अनमोल असा शब्द एकच, तो 'सोर्सेस', म्हणजे साधनें. 'महाराष्ट्र, इतिहास, साधनें' हा मथळा उघडला कीं कादंबऱ्या, पाठ्यपुस्तकें, स्तुतिग्रंथ एका झटक्यांत बाजूस होतात आणि पत्रें, बखरी, दप्तरें ह्यांचे छापील संग्रह पुढें येतात. त्याच रीतीनें ग्रंथसूचींसाठीं, पत्रव्यवहारासाठीं, वंशावळींसाठीं, नकाशांसाठीं, प्रत्यक्ष पाहणारांच्या हकीकतींसाठीं वेगवेगळे शब्द आहेत. नव्या विषयास हात घालतांना 'ग्रंथसूची' हा शब्द जोडून एकवार पाहावें. आपण सहा महिने जें करणार तें कोणीं अगोदरच करून ठेविलें असण्याचा संभव असतो.

काळ दाखविणारे आंकडे मात्र डोळस राहून वाचावे. इंग्रज-मराठे युद्धांचे तीन मथळे आहेत; त्यांतील शेवटचा १८१६ ते १८१८ असा आहे. आपण हें युद्ध १८१७ पासून धरतों. जो १८१७ हा आंकडा घालून शोधील त्याच्या हातून मथळा निसटण्याचा संभव आहे. ह्याहून बोलका दाखला शिवछत्रपतींचा. त्यांच्या नांवाचा जो मथळा वॉशिंग्टनच्या सूचींत रूढ झाला, त्यांत जन्मसाल १६२७ पडलें. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केल्यावर शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १६३० च्या फेब्रुवारींतील, जन्म पुढें आला, व त्यावर किती शाई खर्च झाली हें ह्या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. तथापि जन्मतिथीच्या वादांत मथळ्याची साक्ष काढणें जसें हास्यास्पद, तसेंच १६२७ चुकीचें म्हणून तो मथळा टाकून देणेंही तोट्याचें. मथळा हा निर्णय नव्हे, ती खणावर चिकटविलेली चिठ्ठी आहे.

असें असलें तरी चिठ्ठी लिहिणाराचें मन त्या चिठ्ठींत उतरतें हें नाकारतां येत नाहीं. सत्तावन्नच्या घटनेवरचे ग्रंथ 'सिपाई लोकांचें बंड' अशा अर्थाच्या मथळ्याखालीं लाविले गेले. सावरकरांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ती घटना शिपायांचें बंड नसून स्वातंत्र्याचें युद्ध होतें हें सिद्ध करण्यासाठीं शेंकडों पानें खर्चिलीं. आणि ज्या नांवाविरुद्ध तो ग्रंथ लिहिला गेला त्याच नांवाचें लेबल त्याच्या नोंदीवर बसावें, ही सूचीकलेची एक क्रूर थट्टा म्हणावयाची. कांहीं मथळे बदललेही आहेत. 'अस्पृश्य' अशा अर्थाचा जुना मथळा जाऊन त्या जागीं 'दलित' आला, हें योग्यच झालें. परंतु जुनीं छापील सूचिपत्रें आपोआप बदलत नाहींत, म्हणून जोतीराव फुले किंवा डॉ. आंबेडकर ह्यांच्या चळवळीवरील जुने ग्रंथ शोधणारानें दोन्ही शब्द पाहणें इष्ट. स्थलनामांत ह्याच्या उलट गंमत आहे. नगराचें नांव बदललें म्हणजे जुन्या काळाविषयींचे ग्रंथही नव्या नांवाच्या मथळ्याखालीं जातात. १८९६ च्या प्लेगाविषयींचें पुस्तक 'बॉम्बे' असें नांव मिरवीत असलें तरी मथळ्यांत मुंबईच सांपडेल.

मराठी ग्रंथांच्या बाबतींत आणखी एक खाचखळगा आहे, आणि ह्या एका खळग्यांत जितके अभ्यासक पडतात तितके दुसऱ्या कोठेंही पडत नसतील. परदेशांतील सूचींत मराठी नांवें रोमन लिपींत ठराविक कोष्टकाप्रमाणें उतरविलेलीं असतात. त्या कोष्टकांत अक्षरांतील 'अ' उच्चारांत नसला तरी लिहिला जातो. आपण 'इतिहास' हा शब्द रोमन लिपींत लिहितांना 'एस्' वर थांबतों. सूचींत त्यापुढें 'ए' असतो. 'राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ' ह्यांत 'विश्वनाथ' व 'काशिनाथ' ह्या दोन्हींच्या शेवटीं तसाच 'ए' येतो. तालव्य 'श' हा डोक्यावर खूण दिलेल्या एकट्या 'एस्' नें, व मूर्धन्य 'ष' हा 'एस्' आणि 'एच्' ह्या जोडीनें दाखवितात. 'च' साठीं नुसता 'सी', आणि 'छ' साठीं 'सीएच्'. म्हणून शिवाजी हें नांव 'एच्' न घालतां, आणि महाराष्ट्र 'एच्' घालून लिहिलेलें दिसतें. वरच्या खुणा टंकित करण्याची गरज नसते. अक्षरें तेवढीं बरोबर पाहिजेत. हें कोष्टक एका कागदावर उतरून जवळ ठेवावें. ज्यास तें जमणार नाहीं त्यानें शब्दाचा पूर्वार्धच लिहून पुढें तारांकित खूण करावी. पुष्कळ सूचींत तेवढ्यानें काम भागतें.

आपल्याकडील ग्रंथालयांची गोष्ट थोडी निराळी आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन ह्यांस बोलावून ग्रंथालयांची घडी बसविली, मद्रासेंत रंगनाथन् ह्यांनीं १९३३ सालीं आपली स्वतंत्र वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध केली. तथापि ड्यूईच्या दशांशपद्धतीचा प्रसार आपल्याकडे अधिक आहे. अशा ठिकाणीं सूचींत मथळे नसले, किंवा असून ते कामचलाऊ असले, तरी हताश होऊं नये. तेथें मथळ्याचें काम आंकडा करतो. भारताचा इतिहास ९५४, त्यांत महाराष्ट्र ९५४.७९२, हा आंकडा धरून कपाटापुढें उभें राहावें. मराठी छापील ग्रंथांसाठीं शंकर गणेश दाते ह्यांची 'मराठी ग्रंथसूची' हाताशीं असावी. १८०० ते १९३७ पर्यंतचे ग्रंथ तींत विषयवार लाविलेले आहेत, व पुढील भाग १९५० पर्यंत येतो. एकट्या माणसानें एवढें काम करावें, ह्याचें आम्हांस ती उघडतांना दर वेळीं नवल वाटतें.

दप्तरखान्यांत मात्र ही सर्व विद्या दाराबाहेर ठेवावी लागते. तेथील रुमाल विषयावर बांधलेले नसतात; कागद ज्या कचेरींत, ज्या घराण्यांत निर्माण झाला त्या क्रमानें असतात. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग सरदेसायांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ ह्या काळांत निघाले. ते छापील आहेत म्हणून सूचींत येतात. तथापि इतक्या भागांतील हजारों पत्रांवर चारदोन मथळे लावून सूची करणारा मोकळा होतो. त्यापुढील शोध पानें उलटूनच करावयाचा.

आमच्या टिपणांतील तें वाक्य पुढील अंकाच्या शुद्धिपत्रांत आम्हीं मागें घेतलें, आणि डाउनिंगच्या पुस्तकाचा उल्लेख त्या जागीं घातला. त्याबरोबर आणखी चार ओळी जोडल्या: कोणत्या ग्रंथालयाची सूची पाहिली, कोणत्या तारखेस पाहिली, कोणते मथळे उघडले, आणि नांवाचीं कोणकोणतीं वळणें लिहून पाहिलीं. छापल्यावर तीन आठवड्यांत एका वाचकाचें पत्र आलें. आम्ही पोर्तुगीज भाषेंतील मथळ्यांकडे व गोव्याच्या खणाकडे मुळींच गेलों नव्हतों, असें त्यांत लिहिलें होतें.